गुणांवर पराभूत

तालमीच्या कट्ट्यावर चार वर्षं बसलं की माणसाकडे किस्से आपोआप साठतात. ते कोणी मुद्दाम जमवत नाही. आत मातीत घाम गाळणारे दहा आणि बाहेर बसून त्यांच्या चुका काढणारे वीस, हे कुठल्याही तालमीचं प्रमाण! मी त्या विसांतला. अंबरनाथच्या एका कारखान्यात क्लार्क होतो. अंगात ताकद म्हणाल तर पाण्याची बादली दोन हातांनी उचलायचो. पण मला इंग्रजी लिहिता-वाचता येत होतं, म्हणून तालमीनं मला सेक्रेटरी केलं. "दामले, तुम्ही लिव्हायचं, जोर आम्ही मारतो," असं वस्ताद म्हणाले, आणि मी लिहायला लागलो.

हे किस्से सांगताना लोक हसतात. मीही हसतो. पण निम्म्यावर आलं की माझं डोकं तापायला लागतं, आवाज चढतो, आणि बायको आतून पाणी घेऊन येते. इतकी वर्षं झाली तरी तेच. कारण या सगळ्या किश्शांच्या मुळाशी लखू भोईर आहे, आणि लखूवर झालेला अन्याय मला अजून गिळता आलेला नाही.

लखू सोनिवलीचा, शेतकऱ्याचा पोरगा. आमच्याच कारखान्यात पॅकिंगला होता. सकाळी शेतावरचं आटपून सायकल मारत यायचा, पाळी संपली की तालमीत. बोलणं कमी, जेवण भरपूर!

*

आमच्या तालमीत एकच सिंधी होता, वासूमल. फाळणीत सगळं सोडून आला, शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पात कापडाचं एवढंसं दुकान टाकलं, आणि दुकानाला पाटी लावायच्या आधी त्यानं चौकशी काय केली, तर "इथे कुस्ती कुठे होते?" पन्नाशीचा, गोल, हसरा माणूस. पण आमची कुस्ती पाहून त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

"साईं, ये क्या? आधा घंटा मिट्टी में लोटते रहो! आमच्या सिंधमध्ये मलाखडा असतो. कमरेला कपडा बांधायचा, एकमेकांचा कपडा पकडायचा, और धडाम! खलास!"

हे केरबा वस्तादांना रोज ऐकावं लागे. वस्ताद सातारकडचे, कारखान्यात बॉयलरवर. साठीला टेकलेले, पण मान अजून बैलाची. एक दिवस त्यांचं टाळकं सरकलं.

"आण तुझा कपडा!" ते गरजले.

वासूमल धावत जाऊन दुकानातला मांजरपाटाचा तुकडा घेऊन आला. दोघांच्या कमरेला बांधला. पोरं जोर-बैठका सोडून भोवती गोळा झाली. आणि मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्याला लावतोय तोवर आमचे वस्ताद मातीत उताणे!

वासूमल मात्र दोन्ही हात वर करून नाचतोय. खालून वस्तादांचा शांत आवाज आला, "नाचतोस काय? हात दे."

"क्या?"

"पाठ टेकली, कुस्ती संपली. आता खालच्याला हात द्यायचा, उठवायचा. मग नाच काय नाचायचं त्ये!"

वासूमल वरमला. त्यानं वाकून हात दिला. वस्ताद उठले, अंगावरची माती झटकली आणि पोरांकडे वळले. "बघितलंत न्हवं? पाडणं कुणाला बी जमतंय. पाडल्यावर जो हात देत न्हाई, त्यो पैलवान न्हवं."

लखू पुढच्याच रांगेत उभा होता. वस्ताद तोंडानं फारसं काही शिकवत नसत, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द पोरं देवाचा मानत.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी वासूमलला मातीतल्या कुस्तीचं आव्हान दिलं. वासूमलला आठवडाभर ताप होता!

*

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. परदेशात हौशी पैलवानांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार, आणि त्यासाठी मुंबईत निवड चाचणी आहे, असं पत्रक संघटनेकडून आलं. मी ते तालमीत वाचून दाखवलं. लखूसाठी गट होता बासष्ट किलोचा.

"किलो म्हंजे किती शेर?" वस्तादांनी विचारलं.

तेव्हा आमच्याकडे किलो कोणी पाहिलेला नव्हता. मी कारखान्यातल्या तक्त्यावरून आकडेमोड केली. पक्का एक मण आणि सव्वीस शेर. आता लखूला मोजायचं कुठे? लाकडाच्या वखारीत! एका पारड्यात लखू, दुसऱ्यात लोखंडी वजनं. भरला एक मण अठ्ठावीस शेर. म्हणजे दोन शेर जास्त!

मग काय, आठ दिवस लखूचा भात बंद. दूध बंद. घोंगडी पांघरून उन्हात पळवलं त्याला. सोनिवलीहून त्याची आई चालत तालमीत आली आणि दारातूनच ओरडली, "माजे पोराला उपाशी मारताव? तुमी मानसा हाव का कोन?" वस्ताद तोंड लपवून मागच्या दारानं निघून गेले. उत्तर द्यायला सेक्रेटरी राहिला.

मुंबईला संघटनेच्या काट्यावर लखू चढला, तर गटापेक्षा जवळजवळ दोन किलो कमी! तिथला माणूस हसत म्हणाला, "काय रे, जेवून नाही आलास?"

परत आल्यावर आम्ही वखारीतला काटा तपासला. दोन शेर जास्त दाखवत होता. किती वर्षं दाखवत होता ते देव जाणे! बरं, वखारवाला कोण? तर आमच्याच तालमीचा उपाध्यक्ष! आठ दिवस तो स्वतः पारड्याजवळ उभा राहून "अजून थोडं उतरव, लखू" म्हणत होता. काटा खोटा आहे हे त्याच्या तोंडून एकदाही फुटलं नाही, कारण समोर चार गिऱ्हाइकं उभी!

वस्ताद त्याला एवढंच म्हणाले, "लाकूड चोरलंस त्ये सोड. माझ्या पोराचं मांस चोरलंस तू!"

*

आणि त्या उपाशी पोरानं चाचणीत तीन कुस्त्या मारल्या. तिन्ही चितपट! आम्ही तिथेच एकमेकांना मिठ्या मारल्या. आठवड्यानं यादी लागली, तर तीत लखूचं नावच नाही. लखूनं दुसऱ्या कुस्तीत ज्याला आसमान दाखवलं होतं, त्याचं नाव!

मी आणि वस्ताद मुंबईला संघटनेच्या कचेरीत गेलो. चिटणीससाहेब तीन तासांनी भेटले. त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांची मुलंबाळं आता चांगल्या ठिकाणी आहेत. पथकाचे मॅनेजर म्हणून तेच परदेशी जाणार होते. पांढरा सूट, बोलणं गोड.

"हे पाहा," ते म्हणाले, "मुलगा गुणी आहे, प्रश्नच नाही. पण इंग्रजीचा गंध नाही. काट्या-चमच्यानं जेवता येत नाही. परदेशात देशाची इभ्रत असते."

वस्ताद खुर्चीवरून उठले. "साहेब, कुस्ती ताटात हाय व्हय तिथं?"

साहेब हसले आणि घंटी वाजवली. शिपाई आला. आम्ही बाहेर!

पुढे झालं असं की निवडलेल्या पैलवानाला निघायच्या पंधरा दिवस आधी गालगुंड झालं. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही, पण त्याच्या गालगुंडाला मी मनातल्या मनात नमस्कार केला, हे खोटं कशाला सांगू? दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून नाइलाजानं लखूला तार आली. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत तीन इंग्रजी शब्द शिकवले. यस, नो आणि थँक्यू. एवढ्यात जगाची सफर होते, असं मी त्याला ऐटीत सांगितलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

*

तिकडे कुस्ती गादीवर, पायांत बूट घालून. आमच्याकडे गादी कुठली? वासूमल म्हणाला, "फिकर नहीं, साईं!" आणि कॅम्पातल्या घराघरांतून रल्ल्या घेऊन आला. रल्ली म्हणजे सिंधी बायकांनी रंगीत तुकडे जोडून शिवलेली गोधडी. बारा रल्ल्या एकावर एक अंथरल्या. काय देखणं दिसत होतं! लाल, पिवळे, हिरवे चौकोन, आणि टाका किती बारीक!

वस्ताद काठावर येऊन थांबले. "ह्याच्यावर पाय द्यायचा?"

"हां, साईं, कुस्ती करायची."

"कुणाच्या तरी आईनं डोळं फोडून शिवलंय ह्ये. फाळणीत डोक्यावर घेऊन आली आसंल. ह्याच्यावर बूट घालून नाचायचं? माझ्या तालमीत न्हाई जमायचं!"

वासूमलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं रल्ल्यांच्या घड्या घातल्या. शेवटी सोनिवलीच्या खळ्यावर पेंढा टाकून त्यावर ताडपत्री बांधली, आणि लखूची गादीवरची तयारी तिथे झाली. बूट कॅम्पातल्या मोच्यानं कॅनव्हासचे शिवून दिले. लखूची अडचण वेगळीच! मातीत उतरताना वहाणा बाहेर काढायच्या, ही लहानपणापासूनची सवय. तो दर वेळी ताडपत्रीशी येऊन थांबायचा, वाकून नमस्कार करायचा आणि न चुकता बूट काढून आत जायचा. बूट घालून आत जायला शिकवायलाच आमचे सहा दिवस गेले!

*

स्पर्धा झाली, पण निकाल कळायची सोय काय? कारखान्यातल्या साहेबांच्या खोलीत इंग्रजी पेपर यायचा. साहेबांचा वाचून झाला की शिपाई मला द्यायचा. रोज मी शेवटच्या पानावर नाक घासायचो. पाचव्या दिवशी दिसलं. इंग्रजीतली एकच ओळ, तीही घोड्यांच्या शर्यतीखाली. मी पेपर घेऊन तालमीत पळालो आणि मराठी करून वाचलं, "बासष्ट किलो गट. एल. भोईर, भारत, गुणांवर पराभूत."

"पाठ टेकली का त्याची?" वस्तादांनी विचारलं.

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग काय लिव्हलंय?"

"हरला, एवढंच."

"पाठ टेकल्याबिगर हरतोय कसा?"

मातीत दोनच निकाल. पाडलं किंवा पडला. फार तर बरोबरीत सुटली. न पडता हरायची सोय आमच्याकडे नव्हतीच.

गावातल्या प्रतिष्ठितांना मात्र काही प्रश्न पडला नाही. लखूच्या स्वागताची समिती नेमलेली होती, बँड सांगितलेला होता, हार आलेले होते. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "हरलेल्याचा सत्कार म्हणजे गावाचं हसं." बँड रद्द! आणि हार? त्याच दिवशी बदलून आलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या गळ्यात गेले! तो गृहस्थ सुद्धा चक्रावला असणार, एवढं प्रेम कशाबद्दल म्हणून.

लखू आला तेव्हा अंबरनाथ स्टेशनवर आम्ही चौघंच होतो. वस्ताद, मी, वासूमल आणि लखूची आई. वासूमलनं दुकानातला कोरा तागा फोडून दोन वार कापड आणलं होतं, ते शाल म्हणून लखूच्या खांद्यावर टाकलं. आईनं मात्र आधी मुलाची पाठ हातानं चाचपून पाहिली.

"लखू, पडलास का रं?"

"नाय आये."

"मंग हरलास कसा?"

लखूनं ट्रंक उचलून डोक्यावर घेतली. एवढा गडी, पण त्याला ते सांगता येईना.

*

काय झालं ते त्यानं चार दिवसांनी तालमीत सांगितलं, तेही वस्तादांनी समोर बसवलं म्हणून.

मंगळवारी दुपारी साडेतीनला कुस्ती होती. समोरचा गडी तयार होता, अंगानं पोलादी. तरी लखूनं दुसऱ्याच मिनिटाला त्याचा पट काढला, उचलला आणि घातला खाली. दोन्ही खांदे गादीला टेकले. लखूनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

"मंग?" वस्ताद पुढे सरकले.

"मंग मी उठलो, त्याला हात दिला."

गादीवरचा नियम असा की मुख्य पंचानं खांदे टेकलेले पाहून शिटी मारेपर्यंत कुस्ती चालूच. तोवर दाबून धरायचं. पंच नेमका पलीकडच्या बाजूला होता, तो वळून बघेपर्यंत लखू उठून हात पुढे करून उभा! समोरच्यानं तो हात धरला. उठण्यासाठी नव्हे, ओढण्यासाठी! लखूला खाली खेचलं, पाठीमागे गेला आणि गुण घेत सुटला. वेळ संपली. तीनपैकी दोन पंचांनी त्याला जिंकवलं. तिसऱ्या पंचानं मात्र खांदे टेकलेले पाहिले होते आणि तसा हातही वर केला होता.

मुख्य पंचानं समोरच्याचा हात उंचावला. लखू म्हणाला, "थँक्यू."

हे मीच शिकवलेलं!

दुसऱ्या देशाच्या एका पैलवानानं लखूला खुणेनं, कागदावर लिहायची नक्कल करून सांगितलं की तक्रार करा. तक्रारीची रीत अशी, की अर्ध्या तासाच्या आत पथकाच्या मॅनेजरनं लेखी द्यायची. दुसऱ्या कोणाची चालत नाही. लखू तसाच, अंगावर लंगोट आणि बनियन, सबंध हॉलभर चिटणीससाहेबांना शोधत पळाला. भारताच्या खुर्चीवर साहेबांचा कोट होता. साहेब नव्हते. अर्धा तास तो त्या कोटाजवळ उभा राहिला.

वासूमल उसळला. "वस्ताद, गलती आपकी है! तुम्हीच शिकवलं हात दे, हात दे! दाबके रखना सिखाते तो आज सोना होता!"

वस्तादांनी लखूला विचारलं, "दोन्ही खांदे टेकले व्हते?"

"दोनी."

"मग तू जिंकलास," वस्ताद म्हणाले. "आन हात दिलास त्ये बी बराबर केलंस. चूक माझी येवढीच, की समोरच्याचा वस्ताद कोण हाय ह्याची चौकशी मी केली न्हाई!"

*

वस्तादांच्या तोंडचा निकाल तालमीत चालतो, गावात नाही. सोनिवलीच्या जत्रेत शेवटची मानाची कुस्ती असते. गावचा जो पैलवान कधी पडला नाही, त्याची ती. तीन वर्षं ती लखूची होती. त्या वर्षी जत्रेच्या पंचांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. का? तर एकानं खिशातून पेपरातलं कात्रण काढून दाखवलं. ज्याला स्वतःची सही येत नव्हती, त्यानं मला इंग्रजी कात्रण दाखवलं!

मी तावातावानं गादीचे नियम समजावले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "दामलेसायब, सरकारचा छापलेला कागुद खोटा आसल का?"

लखूनं प्रेक्षकांत बसून सगळ्या कुस्त्या पाहिल्या आणि मानाची कुस्ती जिंकणाऱ्याला फेटा बांधायला स्वतः उठला. त्याची आई मात्र त्या दिवसापासून जत्रेला गेली नाही. जत्रेतला मान तिच्या घरचा असूनही नाही.

मग मी संघटनेला पत्र लिहिलं. एक नाही, चार! तिसऱ्या पंचानं हात वर केला होता, त्याची नोंद काढा, निकाल बदलत नसेल तर निदान 'खांदे टेकले होते' एवढं तरी लेखी द्या. चौथ्या पत्राला उत्तर म्हणून मॅनेजरच्या अहवालाची नक्कल आली. त्यात चिटणीससाहेबांनी लिहिलं होतं की, भोईर यांनी नियमांचं अज्ञान दाखवलं. तरी निकाल लागताच आपण पंचमंडळाच्या खोलीत धावलो, अर्धा तास कसोशीनं भांडलो, पण आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं नाही.

मी वाचून दाखवलं. लखूचा चेहरा उजळला. "म्हनजे साहेब आत भांडत व्हते! म्हनूनशी खुर्ची खाली व्हती!" इतके महिने त्याला तो रिकामा कोट खात होता, तो प्रश्न सुटला. मलाही माझी लाज वाटली. त्या पांढऱ्या सूटवाल्याला मी मनात नाही नाही ते बोललो होतो.

पुढच्या मोसमात लखूच्या आईनं घरच्या तांदळाची गोणी आणि टोपलीभर जांभळं मुंबईला साहेबांच्या घरी पाठवली. माझ्याच हस्ते! "माजे पोरासाठी कोन तरी भांडला," ती म्हणाली. "दुसरा कोन व्हता त्याला थय?" साहेबांच्या बाईंनी जांभळं ठेवून घेतली. तांदूळ जाडा आहे म्हणाल्या, पण ठेवला.

*

पाच वर्षं गेली. लखू कुस्तीतून निवृत्त व्हायचा होता. कारखान्याच्या मैदानावर त्याची शेवटची कुस्ती ठेवली आणि प्रमुख पाहुणे म्हणून चिटणीससाहेबांना बोलावलं. सुचवलं कोणी? लखूनंच! "माजेसाठी भांडले ते," म्हणाला.

साहेब आले. पांढरा सूट तोच, पोट नवीन. मी सेक्रेटरी म्हणून व्यासपीठावर त्यांच्या शेजारी. समोर पहिल्या रांगेत लखूची आई, पलीकडे वासूमल. लखू आणि वस्ताद आखाड्याच्या काठावर. लखूनं कुस्ती मारली, समोरच्याला हात देऊन उठवलं, टाळ्या झाल्या, आणि साहेब भाषणाला उभे राहिले.

विषय होता वक्तशीरपणा.

"तरुणांनो, यशाची गुरुकिल्ली एकच. वेळ!" असं म्हणून त्यांनी कोटाची बाही मागे सारली आणि मनगट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "हे घड्याळ पाहा. भोईरांच्या स्पर्धेला गेलो होतो ना, तिथलंच. पाच वर्षांत मिनिटाचा फरक नाही! आणि हे मिळालं कसं? तेही वक्तशीरपणामुळेच. त्या शहरात दुकानं दुपारी चारला बंद व्हायची म्हणजे बंद! बुधवारी आम्ही निघणार. हातात एकच दिवस, मंगळवार. मी साडेतीनला स्पर्धेतून उठलो, कोट घ्यायलासुद्धा थांबलो नाही, तडक निघालो आणि चारला पाच कमी असताना दुकानात हजर! याला म्हणतात वेळेची किंमत!"

मागच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वासूमलनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. मी आभाराचा कागद दुमडून खिशात टाकला. मी लखूकडे बघायचं टाळत होतो, पण दिसलाच. तो ताठ उभा होता, आणि वस्तादांनी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

पहिल्या रांगेतून लखूची आई उठली. साहेबांचं पुस्तकी मराठी तिला सगळं समजलं नसेल. पण कुस्तीच्या त्या मंगळवारी लखूसाठी उपास धरून तिनं दिवसभर तोंडात पाणी घातलं नव्हतं, त्यामुळे वार तिला पाठ होता. ती व्यासपीठाशी आली आणि मान वर करून, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं,

"सायब, मंग तवा माजे पोराजवल कोन व्हता?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पुन्हा बाही मागे सारली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले,

"अरे! बराच उशीर झाला की!"